बोटभर विमान आणि हातभर शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, विद्यार्थ्यांच्या विज्ञान व हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)





उद्घाटनासाठी मोठ्या पदावरील व्यक्तीला बोलावण्याची आपल्याकडे रीत आहे. ती बाजूला ठेवून आपण एका सेवानिवृत्त गणित शिक्षकाला येथे उभे केले, याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. माझ्यासमोर टेबलावर एक लहानसे विमान ठेवले आहे. सकाळपासून मुले विचारीत आहेत, "सर, हे उडते का?" नाही, हे उडत नाही. परंतु याने माझ्या घरातील एका मुलाला जमिनीवरून उचलले आणि मला माझ्या जागेवरून थोडे खाली उतरवले. त्याचीच हकिकत मी आज सांगणार आहे.

हे मिग-२१ या लढाऊ जेट विमानाचे प्रमाणबद्ध मॉडेल आहे. प्रमाण १:७२, म्हणजे खऱ्या विमानातील ७२ सेंटिमीटर येथे १ सेंटिमीटरचे झाले आहेत. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. त्याला ७२ ने भागा, उत्तर जवळजवळ १० सेंटिमीटर येईल. हे ७२ कोठून आले? इंग्रजी मापात सहा फुटांना एक इंच धरले की ७२ हा आकडा मिळतो. सहा फुटी वैमानिक एका इंचात उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाला शत्रूची आणि आपली विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी पाच लाख मॉडेल्स हवी होती. ती त्यांनी शाळकरी मुलांकडून लाकडात कोरून घेतली आणि त्यांचेही प्रमाण हेच होते. म्हणजे पोराटोरांचा हा खेळ एकेकाळी देशाच्या कामी आला होता.

आणि मिग-२१ तर आपल्या महाराष्ट्राच्या घरचे विमान. १९६३ मध्ये ते भारतीय वायुदलात आले. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, आणि तेथे शेकडो मिग-२१ तयार झाली. द्राक्षांच्या त्या गावशिवारातील माणसे ध्वनीहून वेगवान विमानाचे पत्रे जोडू लागली. १९७१ च्या युद्धात या विमानाने पराक्रम केला. पुढे अपघातही पुष्कळ झाले, अनेक तरुण वैमानिक गेले, तेही विसरता येत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्याला शेवटचा निरोप देण्यात आला. ओझरचा कारखाना मात्र थांबला नाही. तेथे सुखोई-३० तयार झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने आकाशात झेप घेतली.

आता माझ्या घरची गोष्ट. साधारण पंधरा वर्षांपूर्वी माझा भाचा नववीत होता. गणितात दोनदा नापास. मी गणिताचा शिक्षक, आणि माझाच भाचा गणितात नापास, हे माझ्या अभिमानाला लागले. एका दावतीत, चार नातेवाइकांदेखत, मी त्याला म्हणालो, "तुझ्या डोक्यात काही शिरायचे नाही. तू आपला पाने-पकडी धर." मुलगा काही बोलला नाही. पुढच्या रविवारपासून तो हमरस्त्यावरील एका गॅरेजात जाऊ लागला. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकांना तोटा नाही आणि गॅरेजवाल्यांना हरकाम्या पोरांचा तोटा नाही. त्याच्या वडिलांनीही ठरवून टाकले, शाळा सोडवायची.

त्या सुमारास मुंबईच्या एका मित्राने मला हे किट भेट दिले. डबा उघडला तर आत सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले. त्या चौकटीला स्प्रू म्हणतात. डोळ्यांना चष्मा, बोटांना कंप. माझ्याने ते होईना. एका संध्याकाळी भाचा आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "मामू, तो तुकडा पिळून काढू नका, तुटेल. कापून काढा." मी त्याच्या हातात नेलकटर दिले. त्या दिवसापासून तीन महिने आम्ही दोघे एका टेबलाशी बसलो.

मित्रहो, किट जोडणे म्हणजे तुकड्याला तुकडा चिकटवणे असे ज्याला वाटते, त्याने ते जोडलेले नसते. प्रथम सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे लागतात, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. कापलेल्या जागेचा कोंभ कानशीने घासायचा. मग गोंद न लावता भाग नुसते एकमेकांवर बसवून पाहायचे. ही कोरडी जुळणी जो टाळतो तो पुढे रडतो. प्लास्टिकचा खरा गोंद हा गोंद नसतोच. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकजीव होऊन वाळतात. वेल्डिंगचाच तो प्रकार. म्हणून तो थेंबभरच लावायचा, आणि खिडकी उघडी ठेवून, कारण त्याची वाफ डोक्यात जाते.

विमान बाहेरून नव्हे, आतून बांधत जातात. आधी वैमानिकाची बैठक. रशियन विमानांच्या आतला रंग निळसर हिरवा, मोरपिशीकडे झुकणारा. त्यावर काळी उपकरणपट्टी आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाने टेकवलेले पांढरे ठिपके, ते झाले काटे आणि तबकड्या. आसनाचे पट्टे डब्यात नव्हते. भाच्याने चिकटपट्टीच्या बारीक फिती कापून ते केले.

पुढे अडचण आली वजनाची. या विमानाला पुढे एक आणि मागे दोन चाके. मॉडेलचा मागचा भाग जड, त्यामुळे ते शेपटीवर बसते. नाकात वजन भरावे लागते. मिगच्या नाकात हा शंकू दिसतो ना, तो शोभेचा नाही. विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाते तेव्हा समोरून येणारी हवा इंजिनात जाण्यापूर्वी मंद करावी लागते. ते काम हा शंकू करतो आणि वेग वाढला की पुढे सरकतो. खऱ्या विमानात त्याच्याच पोटात रडार असे. आमच्या विमानात सायकलच्या दुकानातील छर्रे बसले. मी विचारले, "छर्रे मधोमध का नाही भरले?" तो म्हणाला, "मामू, चाकापासून जितके लांब, तितके कमी वजन पुरते. ट्रकची टामी लांब घेतो तसे." तरफेचा नियम मी पंचवीस वर्षे फळ्यावर लिहीत होतो. हा मुलगा तो हातात घेऊन बसला होता आणि मी त्याला नापास करीत होतो.

एके दिवशी पंखाची मागची कडा पाहून तो थबकला. मोजपट्टी लावली, कडा १ मिलिमीटर भरली. थोडा वेळ ओठ हलवीत बसला आणि म्हणाला, "बहात्तर मिलिमीटर. खऱ्या विमानाची कडा सात सेंटिमीटर जाड असते का? उंबरठ्याएवढी?" मी म्हणालो, "नाही, पात्यासारखी पातळ असते." मग त्याने दोन दिवस पॉलिश पेपरवर पंखाचे दोन्ही अर्धे आतून घासून कडा पातळ केली. त्यानंतर घरातली कोणतीही वस्तू त्याच्या हातून सुटली नाही. माणसाचा केस ७२ पट केला तर पाच मिलिमीटरची दोरी होते, हे त्याने मला सांगितले. गुणोत्तर आणि प्रमाण हे जे प्रकरण त्याच्या डोक्यात शिरत नव्हते, ते बोटांतून शिरले.

आता माझी चूक ऐका. वैमानिकाच्या डोक्यावरील काचेचे झाकण बसवायचे होते. मी घाई केली आणि क्षणात चिकटणारा गोंद लावला. सकाळी पाहतो तो काच आतून-बाहेरून पांढरी धुरकट. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते हे मला ठाऊक नव्हते. तीन महिन्यांचे काम मातीमोल झाले असे वाटून मी डबा बंद करून टाकला. संध्याकाळी भाच्याने पाहिले. हसला नाही. तो गोंद ठिसूळ असतो हे त्याला माहीत होते. पात्याचे टोक सांध्यात हलकेच दाबून त्याने काच सोडवली. मग पाण्यातला बारीक पॉलिश पेपर, त्याहून बारीक, आणि शेवटी कापडावर टूथपेस्ट घेऊन तो तासभर घासत बसला. म्हणाला, "ट्रकच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला असेच करतात." काच आरशासारखी झाली. पुन्हा बसवताना त्याने सुताराचा पांढरा गोंद घेतला, जो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि वाफ सोडत नाही.

मी ज्या गॅरेजच्या नावाने त्याला हिणवले होते, त्याच गॅरेजातील विद्येने माझे विमान वाचवले. त्या रात्री मी त्याची माफी मागितली. मामाने भाच्याची माफी मागणे आपल्याकडे रूढ नाही. पण ती मागितल्याशिवाय मला झोप आली नसती.

उरलेले काम थोडक्यात सांगतो. सांधे पुट्टीने भरले, घासले. नाकावरची हवेचा वेग मोजणारी लांब नळी डब्यातील प्लास्टिकची होती आणि ती पहिल्याच आठवड्यात मोडली होती. तिच्या जागी शिवणाची बोथट केलेली सुई बसली. चाकांच्या ब्रेकच्या नळ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातील तांब्याच्या तारेच्या केल्या. अस्तराचा रंग, त्यावर पातळ पातळ थर. जाड रंगाने बारीक रेषा बुजतात. खुणांची चित्रे पाण्यात भिजवून सरकवून लावायची असतात आणि खालचा रंग गुळगुळीत, चकचकीत असेल तरच ती एकजीव दिसतात, नाहीतर कडेला चंदेरी हवा अडकते. शेवटी पत्र्यांच्या सांध्यांत पातळ तपकिरी रंग सोडून लगेच पुसून घेतला. बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे अशी वायुदलाची वर्तुळे पंखांवर बसली तेव्हा मुलाच्या आईने दारातून पाहिले आणि पदराने डोळे पुसले.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. दहावीला त्याला गणितात काठावरचेच गुण मिळाले. परंतु त्याने शाळा सोडली नाही. पुढे आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला. आज तो एका कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजण्याचे काम करतो आणि आपल्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च उचलतो. हे मॉडेल त्यानेच आज येथे ठेवण्यासाठी दिले आहे.

विद्यार्थी मित्रहो, थोरांची चरित्रे पाहा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत असताना तेथे ठेवलेल्या दोन निवृत्त विमानांजवळ ते बराच वेळ घालवीत. वैमानिकांच्या निवडीत आठ जागा होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. तो मार्ग बंद झाला म्हणून ते हातपाय गाळून बसले नाहीत. ८ जून २००६ रोजी, राष्ट्रपती असताना, वयाच्या ७४ व्या वर्षी, पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई-३० मधून उड्डाण केले. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ या काळात वायुदलाचे प्रमुख होते आणि पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आणि मुलींनो, २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी यांनी हेच मिग-२१ एकटीने उडवले. तुम्ही या टेबलापासून दूर उभ्या राहू नका, पुढे या.

मॉडेल म्हणजे पोरखेळ असेही कोणी समजू नये. आपल्या देशात मारुत हे जेट विमान बांधण्यापूर्वी त्याच आकाराचे, इंजिन नसलेले लाकडी ग्लायडर १९५९ मध्ये उडवून पाहिले होते. आधी लाकूड, मग धातू. शहाणी माणसे चूक स्वस्तात करून घेतात.

शेवटी संस्थेच्या चालकांना एक विनंती. आपल्याकडे विज्ञानाचे साहित्य काचेच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. मला कपाट नको आहे. एक कोपऱ्यातली खोली, एक मजबूत टेबल, दोन कानशी, चिमटे, पॉलिश पेपर आणि एक दिवा एवढे द्या. महागडे किट सर्वांना परवडणार नाही. पुठ्ठ्याचे, बांबूच्या कामट्यांचे विमान चालेल, मात्र ते मापात असले पाहिजे. हायवेवरील एखाद्या मिस्त्रीला आठवड्यातून एक तास शिकवायला सन्मानाने बोलवा. आणि गुरुजनांना माझी हात जोडून विनंती आहे, "तुझ्या डोक्यात शिरायचे नाही" हे वाक्य वर्गात उच्चारण्यापूर्वी त्या मुलाच्या हातात एकदा काहीतरी देऊन पाहा. मी ते वाक्य उच्चारले होते. माझे नशीब बरे, म्हणून ते मला परत घेता आले.

प्रदर्शनाचे उद्घाटन झाले असे मी जाहीर करतो. मुलांनो, विमान हातात घेऊन पाहा, भिऊ नका. मोडले तर दुरुस्त करणारा आज सभागृहातच बसला आहे.