हातात देऊ नका, हाताने करू द्या

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. आम्ही बांधकाम खात्यातली डिप्लोमावाली माणसं. तरी कार्यकारिणीने आम्हाला इथे उभं केलं, कारण गेली तीन वर्षं आमच्या घरात हाच विषय चालू आहे. पक्षाघाताचा, म्हणजे आपण इंदुरात ज्याला लकवा म्हणतो त्याचा, रुग्ण घरी आणल्यावर पुढे काय करायचं? आमचं जे चुकलं तेही आज सांगणार आहोत. निदान तुमचं तरी तसं चुकू नये.

आमचे अण्णा तेव्हा ७२ वर्षांचे. त्या साली अनंत चतुर्दशीला राजवाड्यापाशी रात्रभर उभं राहून त्यांनी झांक्या पाहिल्या होत्या. पुढे पितृपक्षात एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. आम्ही म्हटलं, पित्त झालं असेल, जरा पडू द्या. त्यात दोन तास गेले. मग एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. तोवर वेळ निघून गेली होती. म्हणून पहिली गोष्ट हीच: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ पाहा आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

अकरा दिवसांनी अण्णा घरी आले. कागदावर सात औषधं आणि शेवटी एक ओळ, ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’. कशी, किती, कोणी, ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मग आम्ही सेवा सुरू केली. आई भरवायची, सुना तोंड पुसायच्या, आम्ही दोघे भाऊ उचलून बसवायचो. भेटायला येणारे म्हणायचे, “आयुष्यभर केलं त्यांनी, आता आराम करू द्या.” तीन आठवडे अण्णा पलंगावरच. पाय आणखी बारीक झाले, माकडहाडापाशी लाली आली. आणि त्यांना उठवताना आम्ही लुळा हात धरून ओढायचो. त्या हाताच्या स्नायूंत जोर नसल्याने खांदा सांध्यातून खाली उतरलेला असतो, तो ओढायचा नसतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. खांद्याचं दुखणं दोन महिने राहिलं. ते लकव्याने दिलं नव्हतं, आम्ही दिलं होतं.

शेवटी ओळखीतून एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊ लागल्या, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशी त्यांनी हात-पाय तपासायच्या आधी विचारलं, “यांना जेवण कोण भरवतं?” आई अभिमानाने म्हणाली, “मी.” ताई म्हणाल्या, “काकू, उद्यापासून डावा हात त्यांचा, ताट तुमचं. सांडू दे.”

यामागचं कारण त्यांनी समजावलं. मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण जे काम पुन्हा पुन्हा केलं जातं, ते मेंदूचे शेजारचे भाग थोडंफार शिकून घेतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो, पुढे मंदावतो, पण थांबत नाही. म्हणजे आम्ही ज्या दिवसांत अण्णांना आराम दिला, तेच सर्वांत मोलाचे दिवस होते.

ताईंनी आम्हाला एक तक्ता दिला. बार्थेल इंडेक्स त्याचं नाव. १९६५ सालापासून तो जगभर वापरतात. रोजच्या दहा गोष्टी: जेवण, आंघोळ, दाढी-दात-केस, कपडे, शौच आणि लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीवर येणं, चालणं आणि जिना. एकूण गुण १००. आमच्या खात्यात मोजमाप वहीत नोंद नसेल तर काम झालं असं कोणी मानत नाही, त्यामुळे हे आम्हाला लगेच पटलं. तक्ता कॅलेंडरच्या शेजारी लावला. पहिली नोंद २०. तीन महिन्यांनी ६०. वर्षाने ८५. उरलेले १५ कुठे? आंघोळीला मदत लागते, जिन्यावर सोबत लागते, सदऱ्याची बटणं लागत नाहीत. ते गुण आजही तिथेच आहेत. घरी व्यायाम केला की माणूस पूर्ववत होतो, असं आम्ही सांगणार नाही. पण २० आणि ८५ यांत काय फरक आहे, ते ज्याला संडासला जायला दुसऱ्याची वाट पाहावी लागते त्याला विचारा.

रोजचा क्रम साधा होता. खुर्चीवरून उठणं-बसणं, आधी पाच वेळा, वाढवत वीस. उठताना दोन्ही पाय जमिनीवर सपाट, वजन दुबळ्या पायावरही. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. जेवताना ताठ बसायचं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पाणी पिताना ठसका लागला तर डॉक्टरांना सांगायचं, कारण घास-पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. जो पडूनच आहे त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची.

घराबद्दल मात्र आम्ही अधिकाराने बोलू शकतो. टॉवेल अडकवायची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. ती माणसाच्या वजनाने निखळते. आधाराची दांडी विटांच्या पक्क्या भिंतीत घट्ट बसवायची. न्हाणीघराचा उंबरा काढा, नाहीतर उतार करा, एक इंच उंचीला बारा इंच लांबी या हिशेबाने. पलंगाची उंची अशी, की बसल्यावर पाय जमिनीला टेकावेत. सतरंज्या, पायपुसणी गुंडाळून ठेवा. रात्री संडासच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.

आता सावधगिरीची गोष्ट. घरच्यांना चार दिवस शिकवलं की काम झालं, असं समजू नका. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांचा मोठा अभ्यास २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटात कुटुंबीयांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्यात नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ४७ टक्के. प्रशिक्षित चमू स्वतः घरी जाऊन काम करतो, अशा परदेशातल्या अभ्यासांत परावलंबन कमी झालेलं दिसलं आहे, विशेषतः सौम्य आणि मध्यम आजारात. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो: घरच्यांचे हात हवेतच, पण जाणकार डोळा अधूनमधून त्यावर हवा. रक्तदाब आणि साखर तपासत राहणं, गोळ्या मनाने बंद न करणं, हाही व्यायामाइतकाच महत्त्वाचा भाग. दुसरा झटका टाळायचा असतो.

लोकांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, ते आम्ही केलं नाही. नीमचजवळच्या भादवा मातेला मात्र आम्ही गेलो. आईची श्रद्धा होती. पण गोळ्यांची पिशवी सोबत नेली, आणि जाण्याआधी ताईंना विचारलं. श्रद्धेला आमची ना नाही. तिच्यामुळे औषध थांबू नये, एवढंच.

आणखी दोन गोष्टी. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडायचे, आम्ही त्याला हट्टीपणा म्हणत होतो. डॉक्टरांना सांगितलं, उपचार झाले. आणि दुसरी, सेवा करणाऱ्याची तब्येत. आईची पाठ धरली तेव्हा आम्ही पाळ्या लावल्या, पुरुषांच्याही. बाकी सगळं काम वाटून घेता येतं, तर ही शुश्रूषाच तेवढी एकट्या बाईवर का?

शेवटी गणपतीबद्दल. अण्णांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं. तांब्याकडे बोट करायचे आणि रडायचे. पुढच्या वर्षी घरी गणपती बसले. आरती सुरू झाली आणि खुर्चीतून अण्णांचा आवाज आला. शब्दन्‌शब्द, चालीसकट. आम्ही थांबलो, ते म्हणत राहिले. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं बोलणं गेलेल्या माणसालाही पुष्कळदा गाता येतं, असं ताईंनी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून नातीने त्यांना रोज सकाळी आरती म्हणायला लावलं आणि मग हळूहळू एकेक शब्द. ‘पाणी’ दिवाळीच्या सुमारास आलं.

त्या वर्षी आम्ही घंटा त्यांच्या उजव्या हातात दिली. बोटं मिटत नव्हती, म्हणून डाव्या हाताने त्यांनी उजवा धरला. घंटा चार वेळा वाजली आणि पडली. आई उचलायला वाकली, अण्णांनी मान हलवली. ते स्वतः वाकले, खुर्चीचा हात धरून. आम्ही कोणीही पुढे झालो नाही. तीन वर्षांत शिकलेलं सगळ्यांत अवघड काम तेच होतं.

गणपती बाप्पा मोरया!