फीत टाकू नका



सैन्यातल्या पदकांवर बोलायचं म्हणजे परमवीरचक्रापासून सुरुवात करायची, अशी रीत आहे. मी ती मोडणार आहे. शौर्यपदकांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा मान त्यांना मिळतोच, मिळायलाच हवा. मला बोलायचंय ते घरचेसुद्धा ज्याकडे धड बघत नाहीत अशा पदकाबद्दल. परमुलखात शांतिसेनेत राहून आलेल्या जवानाच्या छातीवरचं पदक. एक आपल्या सरकारचं, विदेश सेवा पदक, 1960 साली सुरू झालेलं. दुसरं संयुक्त राष्ट्रसंघाचं. ही पदकं कापडाच्या ज्या फितीवर लटकतात, ती फीत टाकू नका, एवढं सांगायला मी आलोय. बाकीचं कानाआड गेलं तरी चालेल.

आपल्या विदेश सेवा पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. तो कुठं होता, हे फितीवरच्या धातूच्या छोट्या पट्टीवरून कळतं. कोरियासाठी वेगळी, काँगोसाठी वेगळी. राष्ट्रसंघाच्या पदकाचं तसं नाही. ते हातात घेऊन बघा. काशाच्या रंगाची चकती, पुढच्या बाजूला पृथ्वीचा नकाशा, त्याला वेढणाऱ्या ऑलिव्हच्या दोन डहाळ्या आणि वर यूएन ही अक्षरं. पाठीमागे ‘शांततेच्या सेवेत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. आता कडेवरून बोट फिरवा. कोरी. नाव नाही, नंबर नाही. इजिप्तच्या सिनाईतल्या शांतिसेनेचं पहिलं पदक थोडं वेगळं होतं, त्यावर त्या सेनेचीच आद्याक्षरं होती. ते सोडलं तर सायप्रसचं पदक, लेबनॉनचं पदक शेजारी ठेवा, चकतीवरून ओळखता येणार नाही. मोहीम कोणती, हे सांगते ती फीत. बहुतेक प्रत्येक मोहिमेची फीत निराळी. दुसऱ्यांदा त्याच मोहिमेवर गेला तर पदक नवं मिळत नाही, जुन्या फितीवर आकडा चढतो. म्हणजे फीत गेली की तो माणूस कुठं होता तेही गेलं.

आणि आपल्याकडे काय चालतं? आजोबा गेले. ट्रंक उघडली. पदक काळं पडलंय म्हणून चिंच लावून घासलं. फीत कळकट दिसते, कडेनं उसवलीय, म्हणून ती काढली आणि फ्रेमवाल्यानं त्या जागी तिरंगी रिबीन लावून दिली. भिंतीवर छान दिसतं हो! पण कुणी विचारलं की आजोबा कुठं होते, तर घरात एकजण म्हणतो आफ्रिका, दुसरा म्हणतो इजिप्त. जे लिहिलेलं होतं ते आपणच कचऱ्यात टाकलं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे असं एकेक घर दाखवता येईल. मला याचा राग येतो. कारण यात कुणाचा वाईट हेतू नसतो, नुसती हयगय असते.

सिनाईची फीत सांगतो, म्हणजे पटेल. 1956 ते 1967 आपले जवान तिथं होते. फितीचा रंग वाळूचा, ते सिनाईचं वाळवंट. मधोमध राष्ट्रसंघाचा निळा पट्टा. दोन्ही कडांना दोन बारीक रेघा, गडद निळी म्हणजे सुएझचा कालवा, हिरवी म्हणजे नाईलचं खोरं. बोटभर कापडात सगळा मुलूख आहे. तो माणूस दिवसरात्र ज्या वाळूत उभा राहिला तिचाच रंग त्याच्या छातीवर दिला होता. 1967 च्या जूनमध्ये इजिप्त-इस्रायलची लढाई पेटली तेव्हा परतीची वाट बघणारे आपले काही जवान तिथं मारलेही गेले. ती फीत तुम्ही जुनं चिरगूट म्हणून टाकलीत.

या पदकाची कदर का होत नाही, हे मला कळतं. लोक विचारतात, कोणती लढाई मारली? जवान खरं बोलतो, म्हणतो लढाई नव्हती. मग विषय संपतो. अहो, ज्वारी हुरड्यावर येते तेव्हा शेतात माळा घालून राखणदार बसतो. गोफण हाताशी, घशाची आरोळी, थंडीत रात्र काढायची. पाखरं उतरली नाहीत, डुकरं शिरली नाहीत, तर खळ्यावर त्याचं नाव कोण घेतो? पिकलं ते नांगरणाऱ्याचं आणि पावसाचं. राखणीत काही घडलं नाही, हेच त्याचं काम. बरं, हे झालं स्वतःच्या शेताचं. शांतिसेनेतला जवान दोन भांडणाऱ्या भाऊबंदांच्या बांधावर बसतो. शेत त्याचं नाही, कणसं त्याला मिळणार नाहीत. दोन्ही बाजूचे त्याच्यावर डोळे वटारणार, तू त्यांचा माणूस म्हणणार. गोफण हातात असून ती मारायची नाही, असा हुकूम. रागावलेल्या माणसानं हे करून बघावं.

कोरियाचंच बघा. 1953 साली युद्ध थांबलं, पण 22 हजारांहून जास्त कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांची राखण भारताकडे आली. राखणीला गेलेल्या आपल्या सेनेचे प्रमुख कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारनं भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून इंचॉनला बोटीवरून हेलिकॉप्टरनं उचलून जवानांना थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. कैद्यांनी आपल्या एका मेजरला छावणीत अडकवून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि बंदूक न चालवता त्याला सोडवून आणलं. थोरातांचं नाव राहिलं. त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यांच्यावर लिहिलं गेलं. कुंपणाशी उभ्या असलेल्या शिपायाकडे काय आहे? पदक, फीत आणि तिच्यावरची ती पट्टी. म्हणून म्हणतो, टाकू नका.

समुद्रावरही अशी राखण असते. युगोस्लाव्हिया फुटला, राष्ट्रसंघानं निर्बंध घातले, शस्त्रं आणि माल जाऊ नये म्हणून 1993 ते 1996 एड्रियाटिक समुद्रात नाटोच्या आणि पश्चिम युरोपच्या नौका गस्त घालत होत्या. सुमारे 74 हजार जहाजांना त्यांनी हटकलं. जवळजवळ 6 हजार भर समुद्रात तपासली. म्हणजे दोरशिडीनं चढायचं, कप्तानाचे कागद बघायचे, तळात उतरून पोती उचकायची आणि बहुतेक वेळा काहीच न सापडता परत यायचं. या कामालाही पदक मिळालं. नाटोच्या पदकाचीही चकती एकच. फरक फितीत आणि तिच्यावरच्या पट्टीत. तिकडच्या घरांतही फ्रेमवाले असतीलच. त्याच युगोस्लाव्हियात, जमिनीवर, राष्ट्रसंघाच्या सेनेचे पहिले सेनापती होते जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यांच्याबद्दल खरं तर वेगळं बोलायला हवं, पण घड्याळ पुढं सरकलंय.

तेव्हा कामाचं सांगून टाकतो. पदक घासू नका, चिंच नको, पॉलिश नको. आपल्या पदकाच्या कडेवरची अक्षरं झिजतात. मऊ कोरड्या कापडानं पुसा, पुरे. फीत फाटली असेल तरी तीच ठेवा. नवी लावायचीच असेल तर त्याच रंगांची, त्याच क्रमानं, आणि जुनी मागे पाकिटात जपून ठेवा. आणि आजोबा, वडील, काका हयात असतील तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. कोणती लढाई, असं विचारू नका. अप्पा, ही फीत कुठली, असं विचारा. गावाचं नाव, साल, पलटण, बरोबर कोण होतं, जे सांगतील ते वहीत लिहा. स्पेलिंगची काळजी नको. सुना-लेकींनो, हे तुम्ही करा, कारण मुलांना ‘उद्या विचारू’ म्हणायची सवय असते आणि अप्पांचं वय थांबत नाही.

लेबनॉनच्या फितीबद्दल सांगायचं होतं, 1998 पासून आपली पलटण तिथं आहे, त्यामुळे ती फीत आता तिशी-चाळिशीतल्या जवानांच्या घरीही सापडेल, आणि त्या घरांतली लेकरं अजून विचारण्याच्या वयाची... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात वर झालाय. फीत टाकू नका.