ताशी ७० डॉलर : तोट्याचा दोष कुणाच्या माथी?

(औद्योगिक वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



"मोटारींच्या धंद्याशी आपला बायकांचा काय संबंध?" असं सकाळी एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. कारखान्याच्या तोट्याची बातमी वर्तमानपत्रात व्यापाराच्या पानावर येते, आणि ते पान आपण उलटून टाकतो. पण तोट्याला जबाबदार कोण, हे एकदा ठरलं की त्याची भरपाई कुणी करायची तेही ठरतं. आणि ही भरपाई बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या कष्टांतून होते. म्हणून आज मी अमेरिकेतल्या मोटार उद्योगाची हकिकत सांगणार आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन कंपन्यांचे प्रमुख २५ अब्ज डॉलरची मदत मागायला वॉशिंग्टनला गेले. मदत मागायला गेले, तेही कंपनीच्या खास विमानांनी! लोकांनी त्यांची टर उडवली. पण त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की बसवली गेली. मोटार कामगार म्हणे ताशी ७० डॉलरला पडतो. मग कंपनी बुडेल नाही तर काय होईल?

हा आकडा जरा फोडून पाहू. कामगाराचा प्रत्यक्ष पगार होता ताशी सुमारे २८ डॉलर. त्यात त्याचे स्वतःचे भत्ते आणि विमा धरला तरी ७० होत नाहीत. निवृत्त कामगारांचं पेन्शन, त्यांचं आणि त्यांच्या बायकांचं, विधवांचं औषधपाणी हा सगळा खर्च आजच्या कामगारांच्या तासांवर वाटून हा आकडा काढला होता. कंपन्यांनी वर्षानुवर्षं कामगार कमी केले होते. तास कमी झाले की भागाकार आपोआप फुगतो. म्हणजे ज्या कामगाराला बोल लावला, त्याच्या हातात ते पैसे कधी पडलेच नव्हते.

मग म्हाताऱ्यांचं औषधपाणी कंपनीच्या गळ्यात पडलं कसं? दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मोटार कामगार युनियनची मागणी होती की आरोग्यविमा सरकारने सर्व नागरिकांना द्यावा. तो कायदा झाला नाही. म्हणून जे देशाकडून मिळालं नाही, ते युनियनने कंपनीच्या करारात मिळवलं. १९५० चा जनरल मोटर्सबरोबरचा पाच वर्षांचा करार या बाबतीत प्रसिद्ध आहे. जपान, जर्मनी, कॅनडा या देशांत आजारपणाचा भार साऱ्या समाजाने उचलला. अमेरिकेत तो नोकरीला बांधला गेला, आणि बाईच्या वाट्याला आला तो मुख्यतः नवऱ्याच्या नोकरीमार्फत.

खरी दुखणी वेगळीच होती. १९७५ च्या इंधन-बचतीच्या कायद्यात 'हलक्या ट्रक'साठीचे नियम सैल होते. त्या आडोशाने कंपन्यांनी नव्वदच्या दशकात अवजड गाड्या विकून भरपूर नफा कमावला. किफायतशीर लहान गाड्यांकडे दुर्लक्ष केलं. इंधनाचे नियम कडक करायला कंपन्यांनी विरोध केला आणि युनियननेही त्यांच्या सुरात सूर मिसळला, हेही सांगायला हवं. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं आणि या गाड्यांचं गिऱ्हाईक आटलं. मागोमाग बँका कोसळल्या, गाडीसाठी कर्ज मिळेना. २००७ मध्ये तिथे सुमारे १ कोटी ६० लाख गाड्या खपल्या होत्या, २००९ मध्ये जेमतेम १ कोटी ४ लाख. यातला कोणता निर्णय वेल्डिंग करणाऱ्या कामगाराने घेतला होता?

पण किंमत कुणी मोजली? २००७ च्या करारातच नव्या कामगारांचा पगार जवळजवळ निम्म्यावर, १४-१५ डॉलरवर आणला होता. एकाच लाइनवर, एकच काम, पगार दोन! सरकारी कर्ज मिळालं ते कामगारांवरचा खर्च आणखी उतरवण्याच्या अटीवर. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या. त्या वर्षीच्या तडजोडीत निवृत्तांच्या दातांचा आणि चष्म्याचा खर्च बंद झाला. कंपनीने कागदावरून खर्च पुसला, पण म्हातारपण आणि आजारपण पुसलं जात नाही. ते घरी येतं, आणि घरी ते कोण निभावतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पगारातली ती दुफळी २०२३ च्या सहा आठवड्यांच्या संपानंतर बरीचशी मोडली.

याच जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. कामगार कोर्टात गेले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. त्या वेळी कंपनीच्या प्रमुखपदी एक बाई होती, २०१४ पासून. खुर्चीत बाई बसली म्हणून हिशेबाची रीत बदलत नाही.

मी ज्या वस्त्यांत काम करते, तिथेही हीच भाषा ऐकू येते. 'पर्मनंट कामगार परवडत नाही.' म्हणून कंत्राटी, ट्रेनी, काही महिन्यांनी ब्रेक. ब्रेक लागला की बाई मेसचे डबे सुरू करते, सासूची तपासणी पुढे ढकलते, मुलीचा क्लास बंद करते. कंपनीच्या ताळेबंदात हे कुठेच दिसत नाही.

१९३६-३७ च्या फ्लिंटच्या संपात जनरल मोटर्सचे कामगार ४४ दिवस कारखान्यात ठाण मांडून बसले होते. बाहेर बायकांनी आपलं पथक उभारलं. आत अश्रुधूर सोडला तेव्हा त्यांनी काठ्यांनी कारखान्याच्या खिडक्या फोडून पुरुषांना हवा मिळवून दिली. युनियनला मान्यता मिळाली, त्यात त्यांचाही वाटा होता.

आपण निदान हिशेबाची खिडकी तरी फोडू या. 'पगार जास्त झाले' असं कुणी म्हटलं की विचारायचं, या आकड्यात काय काय धरलंय? गाड्या कोणत्या काढायच्या हे कुणी ठरवलं? आणि नवऱ्याची नोकरी गेल्यावर ईएसआयच्या कार्डाचं काय? दवाखाना आणि म्हातारपणाचं पेन्शन बाईला नागरिक म्हणून मिळालं पाहिजे, कामगाराची बायको म्हणून नव्हे. ही मागणी आपण युनियनच्या मागणीपत्रकातही घालायला लावू, आणि सरकारपुढेही मांडू. दुपारच्या गटचर्चेला इथूनच सुरुवात करू या.