लायकी कुणाची मोजताय?

(जूचंद्र येथे तरुणांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावलंय कवी म्हणून आणि विषय दिलाय 'उच्च शिक्षण आणि रोजगार'. मी दहावी पास. आमच्या आज्याच्या भाषेत मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराकडे माल चढवतो-उतरवतो. म्हणजे उच्च शिक्षण माझ्याकडे नाही आणि रोजगार रोजच्या रोज गेटवर ठरतो. तरी बोलणार, कारण आमच्या टोळीत एक बी.कॉम. आहे. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. मास्तर आणि मी एकाच पाळीला, एकाच हॅचमध्ये. रोजही एकच. मुकादमाला आमच्यात फरक दिसत नाही, आणि दिसायचं त्याला कारणही नाही. फरक मास्तरच्या आईला माहीत आहे. त्याच्या पंधरा वर्षांच्या शाळा-कॉलेजासाठी तिनं लोकांची धुणीभांडी केली.

आता वस्तीतली म्हातारी माणसं मास्तरकडे बोट दाखवून म्हणतात, "शिकून काय उपटलं?" आणि बारावी झालेल्या पोरीला घरी बसवतात, पोराला वालीवच्या गाळ्यात पाठवतात. या प्रश्नाशी भांडायलाच मी आज उभा आहे. म्हाताऱ्यांचा राग खरा आहे. पण तो चुकीच्या माणसावर निघतोय, पोरावर आणि पुस्तकावर.

१६ जुलै २०२४ ला कलिन्यात काय झालं ते तुम्ही मोबाईलवर पाहिलंय. विमानात सामान चढवणाऱ्यांची भरती होती. दोन हजारांवर जागा, आणि आलेली पोरं पंचवीस हजारांवर. चेंगराचेंगरीची पाळी आली. शेवटी अर्ज ठेवून घरी जा म्हणाले. पगार वीस-पंचवीस हजार. रांगेत पदवीधर होते. आणि त्याच कलिन्यात मुंबई विद्यापीठाचं आवार आहे, नाव विद्यानगरी. विद्यापीठ आणि हमालीची रांग एकाच उपनगरात. कुणी नाटकात असं लिहिलं असतं तर समीक्षक म्हणाले असते, फारच ओढूनताणून आणलंय बुवा. त्याच वर्षी राज्यात पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांना साडेसतरा लाखांवर अर्ज आले. आपल्या भागातली किती पोरं पहाटे धावत होती ते तुम्हीच मोजा.

आता शहाणे लोक काय म्हणतात? म्हणतात, पोरं रोजगारक्षम नाहीत. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत छापलंय, ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम. म्हणजे जवळजवळ निम्मे नालायक. शब्द तेवढा नवा, बाकी हे आपल्याला नवीन नाही. लायकी नाही, हे आपल्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं. तेव्हा धर्मग्रंथ दाखवायचे, आता टक्केवारी दाखवतात.

दुसरा एक आकडा नीट ऐका, कारण तो आपल्या विरुद्ध वापरला जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची एक संशोधन संस्था यांचा २०२४ चा अहवाल आहे. २०२२ साली देशात पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. बघा, म्हातारे बरोबर! शिकला की बेकार! अहो, थांबा. अडाणी माणूस बेकार का नाही? कारण बेकार राहणं त्याला परवडत नाही. सकाळी नाक्यावर उभा राहिला नाही तर रात्री चूल पेटत नाही. मिळेल ते, मिळेल त्या भावात. त्याला 'कामाला आहे' म्हणून मोजतात. ज्याच्या बापाचं घर आहे, पेन्शन आहे, तो पदवी घेऊन दोन-तीन वर्षं चांगल्या नोकरीची वाट बघू शकतो. आणि आमचा मास्तर? त्यानं सहा महिने वाट पाहिली. मग घरात किराणा संपला आणि तो गोदीत आला. त्या दिवशी तो सरकारच्या बेकारीतून बाहेर पडला. आज त्याला कुणी विचारलं तर कागदावर रोजगार आहे. आपली पोरं त्या २९ टक्क्यांत मावत नाहीत, मित्रांनो. ती खालच्या रकान्यात लपलीत.

शिक्षण कमी पडतं का? पडतं. कॉलेजात तीन वर्षं नोटा उतरवून घ्यायच्या, हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र खाजगी क्लासला पैसे भरून शिकायचं, हा धंदाच आहे. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर येते. ही शिष्यवृत्ती मॅट्रिकनंतरच्या अस्पृश्य पोरांसाठी १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना. एवढ्या वर्षांत ती वेळेवर द्यायला यांना जमत नाही! आणि १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग भरवले सकाळचे. का? नोकरी करणाऱ्या पोरांना आधी शिकून मग कामावर जाता यावं म्हणून. शिक्षण आणि काम यांचा सांधा कसा जोडायचा यावर आज जे परिसंवाद भरवतात त्यांनी ते वेळापत्रक काढून बघावं.

पण समजा पोरगा सगळं शिकला. मग? सुखदेव थोरात, जे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक प्रयोग केला. २००७ साली तो छापून आला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा. फक्त नावं वेगळी: एक वरच्या जातीचं, एक दलित, एक मुसलमान. दलित आडनावाला मुलाखतीला बोलावणं येण्याची शक्यता वरच्या जातीच्या नावाच्या साधारण दोन तृतीयांश निघाली. पोराचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, इंग्रजी ऐकलं नव्हतं. आता सांगा, रोजगारक्षम कोण नव्हतं? ती पोरं की त्या कंपन्या?

आणि बहुतेक जागांची जाहिरातच येत नाही. माझा स्वतःचा अनुभव आहे. इथल्याच एका गाळ्यात स्टोअरकीपर पाहिजे होता. मी गेलो. मालकानं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातली आळी. दहावीचा दाखला खिशातून बाहेरच आला नाही.

आमच्या गोदीचा इतिहास तुम्हाला सांगतो, कारण माझा मुद्दा तिथे आहे. पूर्वी मुंबईच्या गोदीत सकाळी गेटवर माणसांचा बाजार भरायचा. टोळीवाला बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. त्या माणसांनाही बेभरवशाचे, अडाणी, दारुडे म्हणायचे. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, पुढे मुंबईत त्यांचं मंडळ आलं. नावं नोंदली. पाळीपाळीनं काम. हजर राहून काम मिळालं नाही तर हजेरीचे पैसे. माणसं तीच, खांदे तेच, अंगठे तेच! पण तीच माणसं कायम झाली. त्यांची पोरं कॉलेजात गेली. १९६९ चा माथाडी कायदाही याच वाटेनं गेला. कुणी कुणाला आधी लायक बनवलं नव्हतं. युनियननं रेटलं, कायदा झाला, आणि लायकी मागनं आली.

मग १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर आले. १९९४ साली ते मंडळ मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन केलं. जुने निवृत्त होत गेले आणि आम्ही ठेकेदाराचे लोक आलो. पुन्हा गेट, पुन्हा बोट. फक्त आता बोटापुढे बी.कॉम. उभा आहे.

सरकार म्हणतं, आम्ही काही करत नाही असं नाही. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिने काम शिका. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा. तीन वर्षांच्या पदवीची किंमत झाली महिना चार हजार, तीही ठरावीक महिने! नंतर घरी. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, नऊ खाजगी एजन्सींमार्फत सरकारी भरतीचा आदेश काढला होता. ठेक्यात आरक्षण नसतं, हे त्यातलं खरं मर्म. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात आदेश मागे गेला. तेव्हा रेटा लागतो हे विसरू नका.

आणि जूचंद्रात उभं राहून रांगोळीबद्दल न बोलणं बरं नाही. इथली पोरं दिवाळीत जमिनीवर माणसाचा चेहरा असा उठवतात की पाय ठेवायला भीती वाटते. रंग, प्रमाण, सावली, रात्र-रात्र बसण्याची चिकाटी. हे कौशल्य नाही? पण कुठल्या 'कौशल्य विकास' अर्जात रांगोळीचा रकाना पाहिलाय?

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं आता नाव बदललंय, कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. १९५९ चा कायदा पंचवीस किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला सांगत होता, रिकाम्या जागा कळवा. पण तिथूनच माणूस घ्या असं सांगत नव्हता. कळवायचं आणि मेव्हण्याला लावायचं. ही फट बुजवा, ही आपली मागणी. गाळ्यातल्या, ठेक्यातल्या भरतीची यादी लावा: कोण आले, कुणाला घेतलं, का घेतलं. ठेक्यातही आरक्षण द्या. शिकून थांबलेल्या पोराला वाट बघायचे पैसे द्या, गोदीत हजेरीचे देत होते तसे.

म्हणून पोरीला घरी बसवू नका. तिला कॉलेजात घाला, आणि तुम्ही मोर्च्यात या.

त्या कोपऱ्यातल्या टेबलावर वही ठेवलीय. ज्यांची पदवी झालीय त्यांनी नाव, पदवीचं वर्ष, आता काय काम, कुणाच्या ठेक्यात, रोज किती, एवढं लिहा. लिहिता येत नसेल त्या आयांनी पोराच्या वतीनं सांगावं, मास्तर लिहून घेईल, तो आज पाळी बुडवून आलाय. वही भरली की पालघरला जायचंय. तारीख आता इथेच ठरवू.