तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी



मला सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या अनुभवांवर बोलायचं होतं. पण सकाळी आपल्यातल्या तिघीजणी म्हणाल्या, "चहाला थांबते गं, थायरॉईडची गोळी आत्ताच घेतलीय." म्हणून विषय बदलते.

सव्वा वर्षापूर्वी शस्त्रक्रिया करून माझी थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली. तिच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या की कॅल्शियम घसरतं, आणि तेही बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरी आल्यावर.

माझं तसंच झालं. तिसऱ्या रात्री ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. मग पोटऱ्यांत गोळे. पाठोपाठ उजव्या हाताची बोटं आखडून एकमेकांना चिकटली, सोडवता सुटेनात. सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणा असेल, दूध घे. लेकीने मात्र सरळ गाडीची किल्ली आणली. तपासणीत कॅल्शियम ६.९ निघालं, साधारण ८.५ ते १०.५ असायला हवं. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं, तेव्हा हात मोकळा झाला.

अनेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. माझ्या सावरल्या नाहीत. त्यांचं काम आता मी घड्याळ लावून करते. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी. कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, नाहीतर ते तिला शोषू देत नाही. माझी गोळी कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणून जेवणाबरोबर. सोबत कॅल्सिट्रिऑल, कारण ड जीवनसत्त्व कामाला लावायचा निरोप मूत्रपिंडाला याच ग्रंथी देतात. पेटके येत राहिले, तर मॅग्नेशियमही तपासतात. आणि मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत. कॅल्शियम जास्त झालं तर मूत्रपिंडाला त्रास होतो, खडे होतात.

मैत्रिणींनो, आपल्याला घरात दुखणं अंगावर काढायची सवय आहे. तुमच्यापैकी कुणावर ही शस्त्रक्रिया ठरली, तर घरी येण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: माझं कॅल्शियम किती आहे, पुन्हा कधी तपासायचं, आणि रात्री मुंग्या आल्या तर फोन कुणाला करायचा. तो नंबर घरातल्या सगळ्यांकडे असू द्या. हात आखडला, श्वास अडला किंवा छातीत धडधडलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.