सागरी पराक्रमाच्या शिळा आणि आपली उपनगरे

(मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



‘उघड्यावरील शिल्पे आणि आपली उपनगरे’ हा आजचा विषय. तो वाचून काहींच्या मनात शंका आली असेल. शिल्पे पाहायची तर घारापुरीला जावे, फोर्टात जावे, वस्तुसंग्रहालयात जावे. अंधेरी-बोरिवली, मुलुंड-घाटकोपर येथे पाहण्यासारखे आहे काय? सकाळी लोकलने सोडायची आणि रात्री झोपण्यापुरती जवळ करायची जागा म्हणजे उपनगर, अशी आपली एक समजूत झाली आहे. इतिहास दक्षिण मुंबईत घडला आणि उपनगरांत केवळ इमारती उभ्या राहिल्या, असे आपण गृहीत धरले आहे. ही समजूत किती खोटी आहे आणि तिची किंमत आपण कशी मोजत आहोत, हे आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

पुतळा म्हणजे समाजाचे विधान

चौकात उभे केलेले शिल्प ही शोभेची वस्तू नसते. या नगराने कोणाला वंदनीय मानावे, याविषयीचे ते जाहीर विधान असते. इंग्रजांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी मुंबईच्या मोक्याच्या जागी राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बसविला, युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा बसविला. आणि हे विधान आपल्या तरुणांनीही अचूक वाचले होते. १८९६ साली चापेकर बंधूंनी व्हिक्टोरियाच्या त्या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. त्यांचा राग दगडावर नव्हता. त्या दगडातून रोज उच्चारल्या जाणाऱ्या गुलामीच्या वाक्यावर होता.

स्वातंत्र्यानंतर ते वाक्य पुसून नवे लिहिणे क्रमप्राप्त होते. २६ जानेवारी १९६१ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. तो घडविणारे शिल्पकार सदाशिव ऊर्फ भाऊ साठे. ब्रिटिश बादशहाच्या स्वागताची कमान आणि तिच्यासमोर हिंदवी स्वराज्याचा संस्थापक! याहून स्पष्ट विधान दुसरे कोणते असेल? पुढे १९६५ साली एडवर्डचा पुतळा हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेण्यात आला. ‘काळा घोडा’ हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले, आणि २०१७ साली त्या परिसरात स्वाराविना नुसता घोडा उभा करण्यात आला. स्वार गेला, घोडा राहिला. लोकस्मृतीचा न्याय असा असतो.

साष्टीचा दगडी ग्रंथ

आता उपनगरांकडे वळू. आपण ज्या भूमीवर राहतो ती साष्टी. या बेटाचे पाषाण जवळजवळ दोन हजार वर्षे बोलत आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि तेथील चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती आहेत. अंधेरीला महाकालीची लेणी आहेत. जोगेश्वरीला सहाव्या शतकातील प्रचंड शैव लेणे आहे. त्याच शतकातील शैव शिल्पकलेचा एक शिरोमणी, परळची शिवमूर्ती, १९३१ साली जमिनीतून बाहेर आली आणि आजही बारादेवीच्या मंदिरात पूजेत आहे.

बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराची कथा विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या शिवालयाचे चर्च केले, माथ्यावर मठ बांधला. भिंतीत कोरलेला क्रूस आजही तेथे दिसतो. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि परकीय धर्मसत्तेचा अंमल संपला. त्या लेण्यातील नटराज भग्न अवस्थेतही नृत्य करीतच आहे. आपल्या संस्कृतीचे याहून बोलके चित्र मी दुसरे देऊ शकणार नाही.

ही स्थळे निदान केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांच्याविषयी आपण थोडेफार वाचलेलेही असते. परंतु आज मला आपले लक्ष वेधायचे आहे ते एका वेगळ्या शिल्पसमूहाकडे. त्याच्यासाठी तिकीट काढावे लागत नाही, बोट धरावी लागत नाही. तो बोरिवली पश्चिमेला, एकसर गावात आहे.

एकसरचे वीरगळ

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये एकसरचे वर्णन आहे. एका सुंदर तळ्याच्या पश्चिम काठी, आमराईत, काळ्या पाषाणाच्या सहा कोरीव शिळा एका ओळीत उभ्या आहेत, असे तेथे नोंदविले आहे. त्यांतील चार सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद. हे आहेत वीरगळ, म्हणजे युद्धात देह ठेवलेल्या वीरांची स्मारके.

महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आढळतात. बहुतेकांवर गाई राखताना किंवा गावाच्या रक्षणासाठी पडलेल्या वीराची कथा असते. एकसरच्या काही शिळांवर मात्र समुद्र आहे, गलबते आहेत, आरमारी लढाई आहे. म्हणूनच भारताच्या सागरी इतिहासाच्या अभ्यासात या शिळांना फार मोठे स्थान आहे.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. एकसरच्या एका शिळेच्या तळाच्या पट्टीत उंच नाळेची, डोलकाठ्यांची पाच जहाजे युद्धाला निघाली आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस नऊ वल्ही आहेत, वरच्या मजल्यावर धनुर्धारी सज्ज आहेत. त्याच्या वरच्या पट्टीत चार जहाजांनी एका जहाजाला घेरले आहे आणि घायाळ सैनिक पाण्यात कोसळत आहेत. त्याहून वर डावीकडे शिवलिंगाची पूजा चालली आहे, उजवीकडे गंधर्वांचा मेळा आहे. सर्वांत वर कैलास, शिव-पार्वती आणि माथ्यावर कलश. दुसऱ्या एका शिळेवर अकरा जहाजांची झुंज कोरली आहे.

या रचनेमागील विचार पाहा. तळाशी कर्तव्य आहे, मध्ये बलिदान आहे, वर सद्गती आहे. शिकलेल्या-न शिकलेल्या प्रत्येकाला कळेल अशा भाषेत समाजाने सांगून ठेवले आहे की, जो सर्वांसाठी मरतो तो शिवाजवळ पोहोचतो. हे राजवाड्याच्या भिंतीवर कोरलेले नाही. तळ्याकाठी, आमराईत, येता-जाता दिसेल असे उघड्यावर उभे केले आहे. आज ज्याला ‘सार्वजनिक कला’ म्हणतात, ती आपल्या पूर्वजांनी अशी जगून दाखविली होती.

हे युद्ध कोणते? काही इतिहासकारांनी त्याचा संबंध उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील संघर्षाशी जोडला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ही घटना. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथातील प्रशस्तीत सांगितले आहे. हा संबंध खरा मानला, तर या शिळा एक कटू सत्यही सांगतात. दोन्ही पक्ष आपलेच होते. दोघेही शिवभक्त, दोघेही पराक्रमी. आपसातील झुंजीत कोकणचे आरमारी बळ खर्ची पडले, आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षांतच, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीच्या दारात उभा होता. संघटनेचे महत्त्व सांगायला याहून वेगळा दाखला हवा काय?

नावे पुसली गेली

ज्या शिळेचे मी वर्णन केले तिच्यावर अकरा ओळींचा लेख होता. गॅझेटियरच्या काळातच तो वाचता येत नव्हता. पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने अक्षरे झिजून गेली. त्या वीराचे नाव काय, गाव कोणते, तो कोणत्या पक्षाकडून लढला, हे त्या दगडाला एकेकाळी ठाऊक होते. आता कोणालाच ठाऊक नाही.

निसर्गाने नाव पुसले, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण अर्थ पुसला तो आपल्या विस्मरणाने. आज आमराईच्या जागी दाट वस्ती आहे. बोरिवलीत लाखो सुशिक्षित मराठी माणसे राहतात. त्यांतील कितीजणांनी आपल्या मुलांना ही जहाजे दाखविली आहेत? भोळ्या श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही. वीरगळांना वीर म्हणून, देव म्हणून पुजणाऱ्या गावकऱ्यांनीच हे दगड आजवर राखले. पण गावोगावी याच श्रद्धेपोटी वीरगळांवर शेंदराची पुटे चढतात, तैलरंग फासला जातो आणि कोरीव रेषा बुजतात. पूजा राहिली, वाचन सुटले. ही तुटलेली सांधणी जोडण्याचे काम शिकलेल्या वर्गाचे आहे.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर अशाच चित्रशिळा आहेत. त्यांच्याही तळाशी शिडाचे जहाज आणि वर वीराचे परलोकातील स्वागत दिसते. तेथील समाजाने त्या संग्रहालयात जपल्या, त्यांचा अभ्यास केला, आणि आज जगभरातून लोक त्या पाहायला जातात. त्या शिळांसाठी सातासमुद्रापलीकडे जाणारा आपला माणूस एकसरला रिक्षाने जात नाही!

नवे पुतळे उभारताना

पुतळे उभारण्याचा उत्साह आपल्याकडे उदंड आहे, आणि राष्ट्रपुरुषांचे पुतळे उभे राहिलेच पाहिजेत. प्रश्न आहे तो साधनेचा. किनाऱ्यावरची हवा कोणाची भीड ठेवत नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, कोसळला. प्रत्येक शिवभक्ताच्या काळजाला ती वेदना झाली. २०२५ साली तेथे नवा पुतळा उभा राहिला, हे समाधानाचे आहे. पण धडा विसरता कामा नये. एकसरच्या पाथरवटांनी साडेसातशे वर्षे टिकेल असा दगड निवडला. करमरकरांनी १९२८ साली पुण्याचा शिवपुतळा अखंड ओतला. भक्तीला कौशल्याची जोड नसेल तर भक्तीचीच अप्रतिष्ठा होते. चौकात घाईघाईने बसविलेले, चेहऱ्यात साम्य नसलेले फायबरचे पुतळे पाहिले की हेच मनात येते.

आणखी एक विरोधाभास. अंधेरीलगतच्या विमानतळावर २०१४ पासून भारतीय कलेचे विशाल दालन आहे. पाच हजारांहून अधिक वस्तू तेथे मांडल्या आहेत, आणि ते काम कौतुकास्पदच आहे. पण ते दिसते विमानाने प्रवास करणाऱ्याला. काही किलोमीटरवरचे जोगेश्वरीचे लेणे मात्र वस्तीच्या गर्दीत, झिरपणाऱ्या पाण्यात उभे आहे. ते सर्वांसाठी खुले आहे, आणि म्हणूनच जणू कोणाचेच नाही.

आपण काय करावे?

कायदे आहेत. केंद्राचा १९५८ चा आहे, राज्याचा १९६० चा आहे. शासनाकडे पाठपुरावा करावाच. पण कायदा दगडाभोवती कुंपण घालतो. दगडाला अर्थ देतो तो समाज. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या पुरातत्त्व केंद्रातील अभ्यासकांनी आणि विद्यार्थ्यांनी गेल्या दशकात साष्टी पायी पालथी घालून असे अवशेष नोंदविण्याचे काम केले. त्यांना आपल्या पाठबळाची गरज आहे.

आपल्या शाखांनी, मंडळांनी आणि शाळांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वर्षातून एक सहल एकसर, मंडपेश्वर आणि जोगेश्वरीला काढावी, आणि तिच्यात जाणकार माणूस असावा. दुसरी, आपल्या परिसरात मंदिराच्या पारावर, विहिरीकाठी, पिंपळाखाली जुनी कोरीव शिळा असेल तर तिचे छायाचित्र, माप आणि जागा नोंदवून अभ्यासकांपर्यंत पोहोचवावी. ती हलवू नये, रंगवू नये, खरवडू नये. तिसरी, जेथे अशी शिळा पूजेत आहे तेथील मंडळींशी आपुलकीने बोलावे. या देवाची कथा ऐकली की शेंदराचा हात ते स्वतःच आवरता घेतील. धाकाने जे साधत नाही ते आत्मीयतेने साधते.

२०२२ साली भारतीय नौदलाने आपल्या ध्वजावरील परकीय क्रूस उतरवून शिवछत्रपतींच्या राजमुद्रेपासून स्फुरलेले चिन्ह स्वीकारले. महाराजांनी आरमार उभारले त्या किनाऱ्यावर त्यांच्याही चारशे वर्षे आधी नऊ-नऊ वल्ह्यांची जहाजे झुंजत होती, याचा दगडी पुरावा आपल्या रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या वीरांची नावे आपण परत आणू शकणार नाही. त्यांची जहाजे मात्र आपल्या नातवंडांना दिसतील की नाही, हे आपल्याच हाती आहे.

वंदे मातरम्!