अब्बांचे हात काळे कशानं?

डोंबिवलीच्या एका वाचनालयात कवितावाचन होतं. दहा-बारा वर्षं झाली असतील. श्रोते पंचवीस-तीस. बहुतेक निवृत्त मंडळी, आणि मागच्या रांगेत पाठीला सॅक अडकवलेला एक विद्यार्थी. मी अब्बांवरची कविता वाचली. अब्बा कल्याणच्या इलेक्ट्रिक लोकोशेडमध्ये फिटर होते. कोळशानं काळे झालेले हात घेऊन ते संध्याकाळी घरी येतात आणि गाल काळा होऊ नये म्हणून लेकराला मनगटानंच कुरवाळतात, अशी ती कविता. बऱ्याच ठिकाणी वाचलेली. लोकांना आवडायची. एखाद-दुसरा डोळेही पुसायचा.

टाळ्या थांबल्या आणि सॅकवाला उभा राहिला.

"सर, एक दुरुस्ती. ती इलेक्ट्रिक शेड १९२८ सालची. तिथे विजेची इंजिनं येतात. विजेच्या इंजिनाला कोळसा लागत नाही. मग हात कोळशानं काळे कसे होतील?"

कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. मी म्हणालो, "बाळ, कवितेतला कोळसा वखारीतला नसतो. ते प्रतीक असतं." यावर मला दुसऱ्यांदा टाळ्या मिळाल्या. मुलगा "सॉरी सर" म्हणून खाली बसला. मी जिंकलो होतो.

श्रोतेहो, तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. कुणाला मोबाइलचं वेड, कुणाला कॅमेऱ्याचं, कुणाला मोटारसायकलचं. आपण जरा कुठे सैल बोललो की तो आपल्याला थांबवतो. "इंजिन नाही, मोटर म्हणा." "स्पीड नाही, पिकअप म्हणा." आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात हे वेड रेल्वेचं. साहजिकच आहे. घड्याळापेक्षा लोकलवर ज्यांचा दिवस चालतो, त्यांच्यातली काही पोरं गाडीच्याच प्रेमात पडणार. लोकांना नक्षत्रं ओळखता येतात तशी यांना इंजिनं ओळखता येतात, तीही नुसत्या आवाजावरून.

त्या रात्री घरी आलो. अम्मी तांदूळ निवडत बसली होती. मी सहज विचारलं, "अम्मी, अब्बांचे हात कशानं काळे व्हायचे गं?"

तिनं वर न बघताच सांगितलं, "कार्बननं. ब्रशाचा भुगा असायचा तो. रॉकेलनं धुवायचे आधी, मग रेतीनं घासायचे. तरी उशीला डाग पडायचेच. का रे?"

"मी कवितेत कोळसा लिहिलाय."

"कोळसा कुठनं आणलास तू?" ती म्हणाली, आणि पुन्हा तांदळात खडे शोधू लागली.

मला झोप लागली नाही. अब्बा म्हणजे कष्ट, कष्ट म्हणजे काळे हात, काळे हात म्हणजे कोळसा. मी तयार हिशेब मांडला होता. ज्या माणसानं तीस वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्याच्या हातात मी दुसऱ्याच कुणाच्या कवितेतला कोळसा दिला होता. आणि ही चूक दाखवणाऱ्या मुलाला मी भर सभेत गप्प केलं होतं.

ग्रंथपालांकडून त्याचा फोन नंबर मिळवला आणि माफी मागितली. त्याला माफीचं काहीच वाटलं नाही. अब्बा कोणत्या इंजिनांवर काम करत होते, एवढंच त्याला हवं होतं. मी म्हणालो, "ते खेकडा म्हणायचे." पलीकडून जवळजवळ किंकाळीच आली. "खेकडा! डब्ल्यूसीजी-वन! सर, मी रविवारी येऊ?"

तो आला, आणि आणखी दोघांना घेऊन आला. अम्मीनं केलेल्या चहाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. अब्बांच्या इंजिनाचं नाव काय, यावरच त्यांची जुंपली. एक म्हणाला, खेकडा हे बोलीतलं नाव, खरं नाव डब्ल्यूसीजी-१. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी वीज, जी म्हणजे मालगाडी. दुसरा म्हणाला, हे नाव मागाहूनचं, जीआयपी रेल्वेच्या काळात त्याला ईएफ-१ म्हणत. तिसऱ्याचं म्हणणं, जगभर या घडणीच्या इंजिनाला मगर म्हणतात, दोन्ही बाजूंना लांब नाकाड आणि मध्ये केबिन. मग ते स्विस की इंग्रजी यावर दुसरी फेरी झाली. पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला झाली आणि उरलेली इंग्लंडमध्ये, असं निघालं. म्हणजे दोघेही बरोबर. पण बरोबर असूनही भांडण थांबत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अखेरीस अम्मी आतून म्हणाली, "त्यांचे अब्बा खेकडाच म्हणायचे. चाकांना जोडलेल्या दांड्या खेकड्याच्या पायांसारख्या हलायच्या म्हणून." तिघंही गप्प झाले. एकानं वही काढून ते लिहून घेतलं.

त्याच मुलानं मला कार्बन समजावला. जुन्या डीसी मोटारीत फिरत्या तांब्यावर कार्बनचे ठोकळे दाबून बसवलेले असतात. वीज त्यांच्यातून आत जाते. त्यांना ब्रश म्हणतात. ते घासून घासून झिजतात आणि त्यांची बारीक काळी पूड मोटारीत साठते. फिटरनं ती साफ करायची, झिजलेले ब्रश बदलायचे. "शिसपेन्सिलीत ग्रॅफाइट असतं ना सर, साधारण तेच," तो म्हणाला. मला अब्बांच्या हातांची ती चमक आठवली. कोळशाचा काळा रंग मंद असतो. अब्बांचे हात पेन्सिल घासलेल्या कागदासारखे चकाकायचे. इतकी वर्षं मी हे विसरलो होतो. कोळसा लिहिला म्हणूनच विसरलो होतो.

तेव्हापासून या दुरुस्तीवाल्यांची बाजू मी घेतो. पण दुसरीही एक संध्याकाळ पाहिली आहे, तीही सांगायला हवी.

ठाण्यातल्या एका सोसायटीत १६ एप्रिलला छोटासा कार्यक्रम होता. मुलं जमली होती. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा बोलायला उभे राहिले. "१८५३ साली याच दिवशी भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली. माझ्या पणजोबांनी ती पाहिली होती..."

"पहिली प्रवासी रेल्वे," बाजूनं आवाज आला. हौशी मंडळींपैकी एक जण होता. पुढे सगळं सांगून झालं. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ सालीच दगड वाहणारी रेल्वे होती. रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या पुलाचं काम चाललं होतं, तिथे १८५१ मध्ये वाफेचं इंजिन माती वाहत होतं. दुसऱ्यानं भर घातली, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. तिसरा म्हणाला, इंजिनं तीन होती, साहिब, सिंध आणि सुलतान. मग गाडी साडेतीनला सुटली की तीन पस्तीसला, यावर दोन तट पडले.

आजोबा थोडा वेळ उभे होते. मग "असेल बुवा" म्हणाले आणि बसले.

त्या मुलांचं एकही वाक्य चूक नव्हतं. पण ती सगळी माहिती पुस्तकांत आहे, उद्याही सापडेल. त्या आजोबांच्या पणजोबांनी रुळांच्या कडेला उभं राहून काय पाहिलं, घरी येऊन काय सांगितलं, हे एकाच माणसाकडे होतं. कुणीही म्हटलं नाही, "आजोबा, पुढे सांगा." मीही नाही. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि पाच मिनिटांचा फरक कोण सिद्ध करतो ते मजेनं ऐकत होतो. पुढच्या हिवाळ्यात आजोबा गेले.

म्हणजे दुरुस्ती करूच नये का? तसं नाही. रेल्वेत वाढलेला माणूस तसं म्हणणारच नाही. आमच्या शेजारी घाटात गाड्या नेणारे एक ड्रायव्हर काका राहत. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, दोघं जण इंजिनात दिवसभर काय बोलता? ते म्हणाले, "सिग्नल." पुढचा सिग्नल दिसला की सहायकानं तो मोठ्यानं म्हणायचा आणि ड्रायव्हरनंही म्हणायचा. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल, थांबायची तयारी करा. दोन पिवळे म्हणजे सावध राहा, पण अजून अंतर आहे. एका दिव्याची चूक झाली तर शेकडो जीव जातील. म्हणून तिथे ज्येष्ठालाही धाकटा मोठ्यानं सांगतो आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. दोघांनाही गाडी सुखरूप पोचवायची असते.

शाळेतलीही एक आठवण आहे. आमच्या घरच्या बोलीत 'ण' फारसा फिरकत नसे. मी वर्गात "पानी" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला नळावर नेलं, ओंजळ धरायला लावली आणि दहा वेळा "पाणी" म्हणून घेतलं. मग म्हणाल्या, "घरी पानीच म्हण हं. नाहीतर आईला वाटेल, मुलगा परका झाला." चूक वर्गानं दाखवली होती आणि बाईंनीही दाखवली. वर्गामुळे मी आठवडाभर तोंड उघडलं नाही. बाईंमुळे मराठीत कविता करायला लागलो.

आता कुणी दुरुस्ती केली, किंवा मला करावीशी वाटली, की मी एवढंच बघतो, समोरचा त्यानंतर बोलतो की गप्प होतो. विजेचा दाब पंधराशे व्होल्ट होता की पंचवीस हजार, हे नीट ठाऊक हवंच. मुंबईत १९२५ साली डीसी विजेवर लोकल सुरू झाली आणि डीसीची शेवटची लोकल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली, हेही हवं. पण सांगणाऱ्याचं सांगून होऊ द्यावं. साडेतीन की तीन पस्तीस, हे चहाच्या वेळीही ठरवता येतं.

कविता दुरुस्त करायला मला तीन महिने लागले. "कोळसा" काढून "कार्बन" ठेवलं की ओळ लंगडायची. शेवटी दोन्ही शब्द काढले आणि शिसपेन्सिल आणली. त्यानंतर कल्याणला ती वाचली तेव्हा तो मुलगा आला होता. आता नोकरीला लागलेला, पाठीवर तीच सॅक. या वेळी तो सभेत उठला नाही. कार्यक्रम संपल्यावर टपरीवर चहा घेताना चाचरत म्हणाला, "सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं वीजकेंद्र होतं, चोळा पॉवर हाउस. आता केव्हाच बंद झालंय. तुमच्या अब्बांच्या इंजिनांची वीज तिथेही तयार व्हायची. आणि ते केंद्र कोळशावर चालायचं." त्यानं कप खाली ठेवला. "म्हणजे तुमची आधीची ओळ अगदीच चूक नव्हती. तेव्हा मलाच पूर्ण माहीत नव्हतं."

मी त्याला म्हटलं, अम्मीला येऊन सांग. तिला आवडेल. तो त्याच रात्री आला.